माइक मूर, मिसिसिपीचे ॲटर्नी जनरल: सिगारेट कंपन्यांना कोर्टात खेचणाऱ्या सरकारी वकिलाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निपाणीचा. तंबाखूच्या वखारीवरून शाळेत जायचो, आणि हंगामात त्या रस्त्यावर शिंका आल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. पुढे वकिली केली. तंबाखूच्या खटल्यांविषयी कुठे बोलायला उभा राहिलो की माइक मूर हे नाव निघतंच, आणि त्यामागोमाग तेच ते प्रश्न येतात. एकदाची उत्तरं लिहून ठेवतो.

माइक मूर कोण?

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचे १९८८ ते २००४ या काळातले ॲटर्नी जनरल. लागोपाठ चार वेळा निवडून आले. पक्ष डेमोक्रॅटिक. २३ मे १९९४ रोजी त्यांनी राज्याच्या वतीने सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचारांवर सरकारचा जो खर्च झाला तो भरून द्या, अशी मागणी होती. एखाद्या राज्याने असा दावा लावण्याची ती पहिली वेळ.

स्टेट ॲटर्नी जनरल म्हणजे आपला महाधिवक्ताच ना?

नाव सारखं वाटतं, पद वेगळं आहे. आपल्याकडे केंद्राचा महान्यायवादी (राज्यघटनेचा अनुच्छेद ७६) आणि राज्याचा महाधिवक्ता (अनुच्छेद १६५). महाधिवक्त्याला राज्यपाल नेमतात, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळ नेमतं, आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. सरकारला सल्ला देणं आणि सरकारची बाजू कोर्टात मांडणं हे त्याचं काम. सरकार बदललं की बहुतेक वेळा महाधिवक्ताही बदलतो.

अमेरिकेतल्या ५० पैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरलला थेट लोक निवडून देतात. गव्हर्नर (तिथला निवडून आलेला राज्यप्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) एका पक्षाचा आणि ॲटर्नी जनरल दुसऱ्या पक्षाचा, हे तिथे सर्रास चालतं. तो गव्हर्नरचा नोकर नसतो. कोणावर दावा लावायचा हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. मूर यांची सगळी गोष्ट या एका फरकावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबलो.

आणि हो, वॉशिंग्टनला बसणारा अमेरिकेचा ॲटर्नी जनरल तो वेगळा. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि तो केंद्रीय न्याय खात्याचा प्रमुख असतो.

माझी बहीण एडिसनला राहते. ती म्हणते, मतपत्रिकेवर हे पद कधी पाहिलंच नाही.

बरोबर म्हणते. एडिसन न्यू जर्सीत आहे, आणि न्यू जर्सी उरलेल्या सातांपैकी एक. तिथे गव्हर्नर नेमणूक करतात आणि राज्याचं सिनेट मान्यता देतं. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशर आणि वायोमिंगमध्येही नेमणूकच होते. मेनमध्ये विधिमंडळ निवडतं. टेनेसीत चक्क राज्याचं सर्वोच्च न्यायालय नेमतं. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमधल्या मराठी मतदाराला मात्र ही ओळ मतपत्रिकेवर दिसते. कमला हॅरिस याच ओळीवरून २०१० साली कॅलिफोर्नियात निवडून आल्या होत्या.

मूर यांची सुरुवात कुठून झाली?

पॅस्कागूला. मेक्सिकोच्या आखातावरचं जहाजबांधणीचं गाव. इंगल्स नावाची प्रचंड गोदी हाच गावचा मोठा रोजगार. १९५२ चा जन्म. मिसिसिपी विद्यापीठात पदवी आणि तिथेच १९७६ साली कायद्याची पदवी. पुढच्याच वर्षी सहायक सरकारी वकील झाले आणि १९७९ साली, वयाच्या सत्ताविशीत, डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य सरकारी वकील, म्हणून निवडून आले. तिथे त्यांनी काउंटीच्या सुपरवायझरांवर भ्रष्टाचाराचे खटले भरले. सुपरवायझर म्हणजे रस्ते, पूल, खडी, डांबर यांचा कारभार पाहणारी निवडून आलेली मंडळी. आपल्या जिल्हा परिषदेच्या बांधकाम समितीची ज्याला कल्पना आहे त्याला अधिक सांगायला नको. या खटल्यांनी मूर यांचं नाव झालं आणि १९८७ साली ते राज्याचे ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आले.

सिगारेट कंपन्यांवर दावा लावायची कल्पना त्यांचीच का?

नाही. माइक लुइस नावाचे क्लार्क्सडेलचे वकील होते, मूर यांचे कायद्याच्या वर्गातले मित्र. १९९३ साली ते ओळखीच्या एका बाईंना बघायला मेम्फिसच्या इस्पितळात गेले होते. बाई धूम्रपानाच्या आजाराने शेवटच्या टप्प्यावर होत्या आणि उपचारांचा खर्च मेडिकेडवर चालला होता. मेडिकेड म्हणजे गरिबांसाठीची सरकारी उपचार योजना; ढोबळमानाने आपल्या महात्मा फुले योजनेसारखी. परतताना लुइस यांच्या डोक्यात आलं, की हे बिल सरकार भरतंय, मग सरकारनेच ते कंपनीकडून वसूल का करू नये? त्यांनी ते मूर यांना सांगितलं. मूर यांनी त्यांना डिकी स्क्रग्ज यांच्याकडे पाठवलं. स्क्रग्ज हेही पॅस्कागूलाचे आणि त्याच लॉ स्कूलचे. गोदीतल्या कामगारांचे ॲस्बेस्टॉसचे खटले लढून त्यांनी बक्कळ पैसा मिळवला होता.

कल्पना सुचणं एक आणि तिच्यावर सरकारी शिक्का मारून स्वतःचं राजकीय भवितव्य पणाला लावणं दुसरं. मूर यांचं श्रेय दुसऱ्यातलं आहे.

त्याआधी सिगारेट कंपन्यांवर कोणी दावे केले नव्हते?

शेकड्यांनी केले होते, १९५० च्या दशकापासून. चाळीस वर्षांत कंपन्यांनी नुकसानभरपाईपोटी कोणाला छदामही दिला नव्हता. त्यांची तऱ्हा ठरलेली. तारखांवर तारखा, अर्जांवर अर्ज, समोरच्याचे पैसे आणि आयुष्य दोन्ही संपेपर्यंत. आणि एवढं करूनही खटला उभा राहिलाच तर हुकमी बचाव: सिगारेट ओढ म्हणून आम्ही बळजबरी केली होती का?

मिसिसिपीतलाच एक खटला पाहा. फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या एका सुताराच्या घरच्यांचा. १९९० साली ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, निकाल दिला, कंपनी जबाबदार आहे. भरपाई किती? शून्य डॉलर. ज्यूरीचं म्हणणं थोडक्यात असं झालं, की कंपनी लबाड आहे हे खरं, पण पेटवणाराही तोच होता ना. तो खटला चालवणारे वकील डॉन बॅरेट पुढे मूर यांच्या चमूत आले. शून्याचा अर्थ त्यांना दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग मूर यांच्या दाव्यात नवीन काय होतं?

वादी बदलला. एवढंच, आणि यातच सगळं आलं.

‘तू स्वतःच्या मर्जीने ओढलीस’ हा बचाव ओढणाऱ्यापुढे चालतो. मिसिसिपी राज्याने कधी सिगारेट ओढली नव्हती. राज्याला पाकिटावरचा इशारा वाचायचा नव्हता, सोडायचा निश्चय करून पुन्हा पेटवायची नव्हती. राज्याने फक्त बिलं भरली होती, आणि तीही कायद्याने भाग म्हणून. आजारी माणसाच्या जागी उभं राहून दावा केला असता तर त्या माणसाच्या सगळ्या चुका राज्याच्या गळ्यात पडल्या असत्या. म्हणून वकिलांनी ती वाट मुद्दाम टाळली. त्यांनी सांगितलं, हा आमचा स्वतःचा दावा आहे. तुमच्या मालाने झालेल्या नुकसानीचा खर्च आम्ही उचलतो आणि नफा तुम्ही खिशात घालता. दुसऱ्याच्या पैशावर गब्बर होण्याचा हा प्रकार न्यायाला धरून नाही.

मूर यांनी ते पत्रकारांना चार शब्दांत सांगितलं: आरोग्याचं संकट तुम्ही आणलंत, पैसेही तुम्हीच भरा. आपल्याकडची आजी याहून कमी शब्दांत म्हणाली असती, करणी कोणाची आणि भरणी कोणाची.

कंपन्यांच्या बाजूने तेव्हा एक उत्तर दिलं जाई, ते ऐकण्यासारखं आहे. धूम्रपान करणारी माणसं लवकर मरतात, त्यामुळे म्हातारपणाचा औषधपाणी आणि पेन्शनचा सरकारी खर्च वाचतो. तो हिशेबात धरा. कागदावर हे गणित मांडता येतं. कोर्टात माणसांसमोर उभं राहून ते बोलून दाखवायचं म्हणजे जीभ घट्ट लागते.

दावा चॅन्सरी कोर्टात लावला असं वाचलं. ते काय असतं?

मिसिसिपीत जमिनीचे वाद, वारसा, घटस्फोट, अल्पवयीन मुलांची मालमत्ता असली कामं चॅन्सरी कोर्टात चालतात. तिथे ज्यूरी नसते, एकटा न्यायाधीश न्यायबुद्धीने निकाल देतो. शून्य डॉलरवाला अनुभव गाठीशी असल्यावर ज्यूरी नको वाटणं साहजिक होतं. कंपन्यांनी दावा ज्यूरीच्या कोर्टात हलवायची खूप खटपट केली. १९९५ साली न्यायाधीश विल्यम मायर्स यांनी ती नाकारली. माझ्या मते हा खटला निम्मा तिथेच जिंकला गेला. वकिलीत कोर्ट निवडणं हाही युक्तिवादच असतो, फक्त तो निकालपत्रात छापून येत नाही.

एवढ्या बलाढ्य कंपन्यांशी लढायला गरीब राज्याने पैसा कुठून आणला?

आणलाच नाही. मिसिसिपी हे अमेरिकेतल्या सर्वात गरीब राज्यांपैकी एक. मूर यांनी स्क्रग्ज, बॅरेट वगैरे खासगी वकिलांना ‘जिंकलो तर फी’ या बोलीवर घेतलं. खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. आपल्याकडे वकिलाने अशी टक्केवारीची बोली करणं नियमबाह्य आहे, तिथे चालतं.

यावर टीका झाली आणि ती पोकळ नव्हती. स्क्रग्ज हे मूर यांच्या जवळचे आणि त्यांच्या निवडणुकांना मदत करणारे. पुढे १९९८ च्या अखेरीस लवादाने मिसिसिपीच्या वकिलांना सुमारे १४० कोटी डॉलर फी ठरवून दिली. ती राज्याच्या वाट्यातून नव्हे तर कंपन्यांकडून वेगळी मिळायची होती. याच स्क्रग्जना २००८ साली एका वेगळ्याच प्रकरणात, न्यायाधीशाला लाच देण्याच्या कटात, गुन्हा कबूल करून पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रकरणाचा तंबाखूच्या दाव्याशी संबंध नाही, पण ही गोष्ट सांगताना तेवढा भाग गाळणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

गव्हर्नरनेच मूर यांच्यावर दावा केला, हे खरं का?

खरं. कर्क फॉर्डिस हे रिपब्लिकन गव्हर्नर. मेडिकेड माझ्या अखत्यारीत येतं, माझ्या परवानगीशिवाय ॲटर्नी जनरल त्याच्या नावाने दावा चालवू शकत नाही, असं म्हणत १९९६ साली ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे राज्याचा प्रमुख राज्याच्याच वकिलाविरुद्ध! १९९७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. आता हीच मारामारी महाराष्ट्रात कल्पून पाहा. महाधिवक्त्याला त्याच संध्याकाळी राजीनामा मागितला गेला असता आणि दुसऱ्या दिवशी दावा मागे घेतल्याचा अर्ज आला असता.

जेफ्री विगंड यांचा यात काय संबंध?

विगंड हे ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीत संशोधन विभागाचे प्रमुख होते. १९९३ साली त्यांना काढून टाकण्यात आलं, आणि तोंड उघडायचं नाही असा करार त्यांच्याकडून लिहून घेतलेला होता.

१४ एप्रिल १९९४ रोजी सात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर उजवा हात वर करून उभे राहिले आणि एकेकाने शपथेवर सांगितलं, की आपल्या मते निकोटिनचं व्यसन लागत नाही. तो फोटो जगभर गाजला. मूर यांचा दावा त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत दाखल झाला. आता गरज होती आतल्या माणसाची.

२९ नोव्हेंबर १९९५. विगंड साक्ष द्यायला पॅस्कागूलाला आले. त्यांच्या राहत्या केंटकी राज्यातल्या कोर्टाने त्यांना बोलायला मनाई केली होती. मिसिसिपीत बोलले तर घरी परतल्यावर तुरुंगाची भीती. त्या दिवशी स्क्रग्ज यांच्या समुद्रकाठच्या घराच्या आवारात ते बराच वेळ नुसते येरझारा घालत होते. कोणी त्यांना घाई केली नाही. शेवटी म्हणाले, चला. कोर्टात कंपनीचे वकील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला हरकत घेत होते, आणि विगंड प्रत्येक हरकतीनंतर उत्तर देत होते. निकोटिनचं व्यसन लागतं हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कंपनीप्रमुखांनी संसदेसमोर शपथेवर खोटं सांगितलं, असं त्यांनी सांगितलं. साक्ष सीलबंद होती. २६ जानेवारी १९९६ रोजी ती वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये छापून आली. मग झाकून ठेवण्यासारखं काही उरलं नाही.

सिनेमात मूर स्वतः दिसतात म्हणे?

हो. १९९९ च्या ‘द इनसायडर’मध्ये त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आहे. सिनेमा विगंड यांच्याभोवती फिरतो.

बाकीची राज्यं कशी आली?

मूर विमानात बसून दारोदार फिरले. विमान बहुतेक वेळा स्क्रग्ज यांचं. सुरुवातीला इतर राज्यांचे ॲटर्नी जनरल गालातल्या गालात हसायचे. ऑगस्ट १९९४ मध्ये मिनेसोटाने दावा लावला, मग वेस्ट व्हर्जिनिया, फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स. मार्च १९९६ मध्ये लिगेट या सर्वात छोट्या कंपनीने पाच राज्यांशी तडजोड केली आणि कंपन्यांची फळी पहिल्यांदा फुटली. १९९७ च्या मध्यापर्यंत चाळीसच्या आसपास राज्यं मैदानात होती.

एकूण पैसे किती मिळाले?

इथे बहुतेक लेखांत घोळ होतो, म्हणून क्रमाने सांगतो.

जून १९९७ मध्ये मूर आणि इतरांनी कंपन्यांशी देशव्यापी तडजोड जाहीर केली: २५ वर्षांत ३६,८५० कोटी डॉलर. पण त्यासाठी संसदेचा कायदा हवा होता, आणि एक वर्षाच्या घोळानंतर तो सिनेटमध्ये बारगळला. मूर यांचा हा मोठा पराभव. विजयाच्या गोष्टीत तो सहसा सांगितला जात नाही.

मधल्या काळात मिसिसिपीचा खटला सुनावणीला लागणार होता. तो सुरू व्हायच्या ऐन तोंडावर, जुलै १९९७ मध्ये, कंपन्यांनी मिसिसिपीशी स्वतंत्र तडजोड केली. २५ वर्षांत ३३६ कोटी डॉलर. इतरांना जास्त मिळालं तर आम्हालाही वाढवून द्या या कलमामुळे आकडा पुढे ४०० कोटींच्या वर गेला. मग फ्लोरिडा १,१३० कोटी, टेक्सास १,५३० कोटी आणि मिनेसोटा ६०० कोटींच्या वर. उरलेल्या ४६ राज्यांनी २३ नोव्हेंबर १९९८ रोजी एकत्र करार केला: २०२५ पर्यंत २०,६०० कोटी डॉलर. म्हणजे ज्या राज्याने सुरुवात केली ते मिसिसिपी या प्रसिद्ध करारात नाहीच.

या करारानुसार रस्त्यांवरचे मोठे जाहिरात फलक गेले, जाहिरातींतली कार्टून गेली. आणि त्याच दिवशी दोन बड्या कंपन्यांनी पाकिटामागे ४५ सेंट भाव वाढवले. भरपाई शेवटी कोणाच्या खिशातून गेली हे वेगळं सांगायला नको. भाव वाढल्याने कोवळी पोरं कमी ओढू लागली, हाही त्याचाच दुसरा भाग.

ते पैसे तंबाखूविरोधी कामावर खर्च झाले का?

हा प्रश्न मूर यांना विचारला की ते चिडतात, असं त्यांच्या मुलाखती पाहून वाटतं. चिडण्यासारखंच आहे. मिसिसिपीने १९९९ मध्ये आरोग्य निधी काढला: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर आरोग्याची कामं करायची. अर्थसंकल्पात खड्डा पडला की आमदार त्या मुद्दलाकडे पाहू लागले, आणि काही वर्षांत निधीत नाव घेण्यासारखं काही उरलं नाही.

मूर यांनी एक गोष्ट मात्र कोर्टाकडून आधीच बांधून घेतली होती. शाळकरी मुलांना धूम्रपानापासून दूर ठेवणाऱ्या संस्थेला दर वर्षी २ कोटी डॉलर थेट मिळावेत, असा हुकूम २००० साली झाला. काम चांगलं चाललं होतं. मग गव्हर्नर झाले हेली बार्बर, ज्यांच्या फर्मने पूर्वी तंबाखू कंपन्यांसाठी वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग केलं होतं. सरकारी पैसा कुठे जायचा हे विधिमंडळ ठरवेल, कोर्ट नाही, असा मुद्दा आला आणि २००६ मध्ये हुकूम रद्द झाला. कायद्याच्या दृष्टीने मुद्दा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण ज्या हातांनी तो मांडला ते हात मला खुपतात.

ते कधी हरले नाहीत? गव्हर्नर का झाले नाहीत?

१९८९ साली संसदेच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि तिसरे आले. अमेरिकेत एक जुना विनोद आहे, ए. जी. म्हणजे ‘ॲस्पायरिंग गव्हर्नर’, गव्हर्नरपदाला डोळे लावून बसलेला. बिल क्लिंटन आर्कान्साचे ॲटर्नी जनरल होते, तिथूनच गव्हर्नर झाले. मूर यांच्याविषयी दर निवडणुकीला तीच चर्चा व्हायची; ते त्या पदासाठी उभे राहिले नाहीत.

निवृत्तीनंतर काय केलं?

खासगी वकिली. पण तोच साचा घेऊन: अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांच्या कंपन्यांविरुद्ध राज्यांनी लावलेल्या दाव्यांत ते होते, त्यात मिसिसिपी आणि ओहायो ही राज्यं होती. २०२१ साली तीन बडे वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी सुमारे २,६०० कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. या वेळी पैसे मुख्यतः व्यसनमुक्ती आणि उपचारांवरच खर्च करायचे, हे करारातच लिहून घेतलं गेलं. तंबाखूच्या पैशाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्याकडे महाधिवक्त्याने असा दावा का केला नाही?

नेमणुकीचं कारण वर आलंच. दुसरं असं, की आपल्याकडे सरकार स्वतःच या धंद्यात अडकलेलं आहे. करातून पैसा येतो, आयटीसी या सिगारेट कंपनीत सरकारी एलआयसीचा मोठा हिस्सा आहे, आणि आमच्या निपाणीसारख्या गावांची चूलच या पिकावर पेटते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला होता, गोळीबारात माणसं गेली. त्या भागात ‘तंबाखूवाल्यांना कोर्टात खेचा’ म्हणणं सोपं नाही. माझ्या आजोबांची चंची अजून घरात आहे, आणि आजोबा गेले ते तोंडाच्या कर्करोगाने. दोन्ही गोष्टी आमच्या घरात एकाच फळीवर राहतात.

आपल्याकडे काम झालं ते वेगळ्या वाटेने. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालण्याचा आदेश दिला. तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा कायदा त्यानंतरचा, आणि महाराष्ट्रातली गुटखाबंदी २०१२ ची. वसुलीचा दावा मात्र कोणत्याही राज्याने यशस्वी करून दाखवलेला नाही.

कंपन्यांचे ते आतले कागद सामान्य माणसाला पाहता येतात का?

येतात, घरबसल्या आणि फुकट. मिनेसोटाच्या तडजोडीने आणि १९९८ च्या कराराने कंपन्यांना आपले कागद खुले करावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते लाखांनी ऑनलाइन ठेवले आहेत. शोधायच्या चौकटीत इंग्रजीत ‘इंडिया’ टाकून पाहा, आणि हाताशी भरपूर वेळ ठेवा.